शोधगंगा : चार वर्षं वापरल्यावर, अमळनेरहून

रेटिंग आधीच सांगून टाकते, पाचपैकी चार स्टार. एक स्टार कशासाठी कापला ते खाली येईलच, पण ज्यांना नुसतं रेटिंग बघून निघायचंय त्यांनी एवढं तरी वाचून जा की ही वेबसाईट फक्त पीएचडीवाल्यांसाठी नाहीये. तुम्ही बारावी शिकलेले असा नाहीतर रिटायर झालेले असा, तुमच्या गावाबद्दल, तुमच्या पिकाबद्दल, तुमच्या बोलीबद्दल कुणीतरी पाच-सहा वर्षं घालवून काहीतरी लिहून ठेवलेलं असतं अन् ते इथे फुकट ठेवलेलं असतं, अन् ज्यांच्याबद्दल ते लिहिलंय त्यांनाच त्याचा पत्ता नसतो. मला याचं फार वाईट वाटतं म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

शोधगंगा म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. देशभरातल्या विद्यापीठांत जे पीएचडीचे प्रबंध मंजूर होतात ते पूर्णच्या पूर्ण एका ठिकाणी ठेवलेत, कुणालाही वाचता येतात, डाऊनलोड करता येतात. गांधीनगरला इन्फ्लिबनेट म्हणून यूजीसीचं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचं, केंद्र आहे ते हे चालवतं. यूजीसीने २००९ च्या नियमावलीत प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत द्यायलाच लावली, २०१६ मध्ये परत तेच बजावलं, अन् आता तिथे पाच लाखांच्या वर प्रबंध झालेत. वाचायला फी नाही, कॉलेजचं आयकार्ड लागत नाही, कुणा साहेबाची सही लागत नाही. ही शेवटची गोष्ट माझ्यासाठी किती मोठी होती ते आता सांगते.

माझं माहेर रावेर तालुक्यातलं, घरी लेवा बोली. सासर अमळनेरला, इथे सगळी अहिराणी. लग्नानंतरच्या पहिल्याच श्रावणात घरात कानबाई, म्हणजे खान्देशातली देवी, बसली, नागपंचमीनंतरच्या रविवारी, रात्रभर बायकांची गाणी, अन् मला त्यातली निम्मी कळली निम्मी नाही. पण ती चाल काही डोक्यातून गेली नाही. पुढे मुलं शाळेत जायला लागली तेव्हा एमए मराठीला बाहेरून नाव घातलं अन् प्रकल्पाला विषय घ्यायची वेळ आली तर मला विचारच करावा लागला नाही, कानबाईची गाणी.

विषय मिळाला पण वाचायचं काय? सरांनी सांगितलं यावर कुणीतरी पीएचडी केलेली असेल, प्रबंध बघा. मग मी सकाळची गाडी पकडून एका मोठ्या लायब्ररीत गेले, कुठली ते सांगत नाही. तिथे काउंटरवर विचारलं तर म्हणे कॉलेजचं पत्र आणा. पुढच्या आठवड्यात पत्र घेऊन गेले तर म्हणे प्रबंध इथेच बसून वाचायचा, झेरॉक्स नाही, फोटो नाही, चारला बंद. मी चारपर्यंत हाताने नऊ पानं उतरवली, बोटं दुखून आली, संध्याकाळी घरी येईपर्यंत पोरं शेजारी जेवून झोपलेली. तिसऱ्यांदा जायची हिंमत झाली नाही. त्या लायब्ररीतल्या माणसांचा राग नाही मला, त्यांना नियम तसा होता, पण मला त्या दिवशी असं वाटलं की हे सगळं ज्ञान आपल्यासारख्यांनी वाचावं म्हणून ठेवलेलंच नाहीये.

मग आमच्या गल्लीत राहणारे एक रिटायर ग्रंथपाल आहेत ते एका संध्याकाळी ओट्यावर बसले असताना सहज म्हणाले, ताई, शोधगंगेवर पाहिलं का? मी मोबाईलवर तिथेच उघडलं. लोकगीतांवरचा एक प्रबंध सापडला, अन् त्यात एक अख्खं प्रकरण खान्देशातल्या व्रतांच्या गाण्यांवर. रात्री दोनपर्यंत वाचत बसले.

त्यात एक गाणं पूर्ण दिलेलं होतं, ते मी सकाळी चहा ठेवता ठेवता सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी दुसऱ्याच ओळीला चाल धरली. म्हणाल्या, "हाई तर आपलंच गानं शे व माय!" अन् मग मोबाईल हातात घेऊन बघत राहिल्या, त्यांना वाचता येतं हळूहळू, एकेक ओळ बोट लावून वाचली. आपण ज्या गोष्टी नुसत्या तोंडाने म्हणतो त्या कुणीतरी एवढ्या मोठ्या पुस्तकात लिहिल्यात हे त्यांना खरंच वाटेना. मला अजून तो चेहरा आठवतो.

आता वापरायचं कसं ते, कारण नवीन माणूस पहिल्यांदा उघडतो अन् गोंधळतो. प्रबंध इथे एका सलग पुस्तकासारखा नसतो, तुकड्या-तुकड्यांत असतो. एक नंबरची फाईल म्हणजे शीर्षकाचं पान, मग प्रमाणपत्र, मग ऋणनिर्देश, अनुक्रमणिका, मग एकेक प्रकरण वेगळं, शेवटी संदर्भसूची. बरेच जण पहिल्या दोन-तीन फाईल उघडतात, त्यात नुसती प्रमाणपत्रं अन् सह्या दिसतात, अन् बंद करून टाकतात. तसं करू नका. यादीत शेवटी ८० नंबरची फाईल असते, रेकमेंडेशन नावाची, तिच्यात शीर्षक अन् बहुतेक वेळा निष्कर्षाचं प्रकरण असतं. आधी ती उघडा. दहा-पंधरा पानांत कळतं की या माणसाने नेमकं काय शोधलं, आपल्या कामाचं आहे का नाही, मग अनुक्रमणिका बघून हवं ते प्रकरण घ्या. अन् दुसरी गोष्ट म्हणजे संदर्भसूचीची फाईल वेगळी ठेवून द्या. खरा खजिना तिथे असतो. मला सगळ्यात जास्त फायदा तिचाच झाला, कारण एका प्रबंधाच्या सूचीत तीस-चाळीस पुस्तकांची नावं तयार मिळतात जी शोधायला आपल्याला वर्ष गेलं असतं.

म्हणजे उदाहरण सांगते. त्या सूचीतूनच मला ग्रिअर्सन या ब्रिटिश अधिकाऱ्याचं भारतीय भाषांचं सर्वेक्षण कळलं. मला वाटलं अहिराणी मराठीच्या खंडात असेल, सातव्यात, तर तिथे नाहीच, ती नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात भिल्ली भाषांसोबत ठेवलीय, खान्देशी या नावाने, १९०७ साली. हे जुने खंड इंटरनेट अर्काइव्ह या साईटवर आहेत, फुकट. तसंच १८८० चं खान्देशचं गॅझेटियर म्हणजे सरकारी माहितीग्रंथ, मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बारावा खंड, तेही सूचीतूनच. जवळजवळ सव्वाशे वर्षांपूर्वी त्या ब्रिटिश अधिकाऱ्याने आपली बोली कुठल्या रकान्यात टाकली अन् त्यावर अजून वाद चाललाय ती मराठीची बोली का वेगळी भाषा, हे सगळं मला कुठल्या क्लासमध्ये नाही कळलं. २०११ च्या जनगणनेत खान्देशी या गटात, अहिराणी धरून, साडेअठरा लाखांच्या आसपास माणसं आहेत. एवढी माणसं बोलतात तिच्याबद्दल लिहिलेलं एवढं सगळं आहे अन् आम्ही ते वाचलेलंच नव्हतं.

आता दोष, म्हणजे तो कापलेला स्टार. मराठी प्रबंध शोधणं फार जड जातं. शीर्षकं काही देवनागरीत, काही इंग्रजी अक्षरांत, काही इंग्रजीत भाषांतर करून. त्यामुळे अहिराणी टाकून थांबू नका, खान्देश टाका, खानदेश टाका, इंग्रजी स्पेलिंग तीन-चार तऱ्हांनी टाका, लोकगीत, लोकसाहित्य, असं सगळं फिरवून बघा. अन् बरेच मराठी प्रबंध स्कॅन केलेले नाहीतर जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेले असतात, युनिकोड नसतं, म्हणजे डोळ्यांनी वाचता येतं पण आतला एखादा शब्द सर्च केला तर शून्य रिझल्ट. इंग्रजी प्रबंधाचं तसं फार होत नाही, त्यातला शब्द बहुतेक वेळा गुगलला दिसतो. म्हणून मराठीत केलेलं काम असूनही नसल्यासारखं होतं अन् ही गोष्ट मला मनापासून खटकते. फाईल विद्यापीठंच चढवतात, त्यामुळे नीटनेटकेपणाही प्रत्येकाचा वेगळा. एका प्रबंधात, विद्यापीठाचं नाव नको, अख्खं चौथं प्रकरण आडवं स्कॅन झालेलं होतं, मान वाकडी करून वाचलं. यूजीसीने प्रबंध द्यायला लावले तसे ते युनिकोडमध्येच द्यायला लावले अन् शीर्षक देवनागरीत भरायला लावलं तर माझा पाचवा स्टार लगेच देते.

अजून एक, दर्जा सगळा सारखा नाही. हे स्पष्टच सांगितलं पाहिजे. काही प्रबंध वाचून माणूस थक्क होतो, गावोगाव फिरून म्हाताऱ्या बायकांच्या तोंडून गोळा केलेलं, कुठल्या गावात कधी ऐकलं ते सगळं लिहिलेलं. अन् काही असे की पहिली दोनशे पानं लोकसाहित्य म्हणजे काय, संस्कृती म्हणजे काय, याचीच व्याख्या चाललेली, अन् गाणी शेवटी पंचवीस पानांत. छापलेलं आहे, पीएचडी मिळालेली आहे, म्हणून सगळं खरं असं धरून चालू नका. दोन-तीन प्रबंध ताडून बघा, कोण कुणाचं उचलतंय तेही मग दिसायला लागतं.

आता केळीची गोष्ट, कारण बऱ्याच जणांना वाटेल हे सगळं साहित्यवाल्यांचं काम आहे. माझा भाऊ रावेरकडे केळी करतो. दोन वर्षांमागे पावसाळ्यात त्याच्या नव्या बागेत पानांवर पिवळे पट्टे, मधलं पोंग्याचं पान सडायला लागलं, सगळे म्हणाले हरण्या आला. हरण्या म्हणजे तो सीएमव्ही, कुकुंबर मोझॅक व्हायरस. दुकानदाराने औषधं दिली, एक झालं की दुसरं, भाऊ रोज फोन करायचा, ताई तू एवढं वाचत असते, बघ ना यावर काही.

शोधगंगेवर व्हायरसवरचे प्रबंध आहेत, पण शेतीसाठी त्याच्याहून चांगली जागा मला सापडली ती कृषिकोश. कृषी विद्यापीठांचे प्रबंध तिथे ठेवतात, आपल्या भागाचं राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे त्याचेही, एमएससीचेसुद्धा. एमएससीचे प्रबंध छोटे असतात अन् शेतकऱ्याच्या जास्त कामाचे असतात असा माझा अनुभव. गुगल स्कॉलरवर, म्हणजे संशोधनाचे लेख शोधायच्या गुगलच्या साईटवरही शोधलं. तिथे एक लेख अगदी हवा तसा दिसला, उघडायला गेले तर एका परदेशी प्रकाशकाचं पान, पीडीएफ हवी तर चाळीस डॉलरच्या आसपास, म्हणजे आपले तीन हजारांच्या वर. एका लेखाचे. बारा-पंधरा पानांच्या. अन् त्यातला रुपयाही लेखकाला मिळत नाही हे मला नंतर कळलं, लेख तपासून देणारे तज्ज्ञही बहुतेक ठिकाणी फुकटच तपासतात. संशोधनाचा पैसा बऱ्याचदा सरकारचा, म्हणजे आपलाच, लिहिणारा फुकट, तपासणारा फुकट, अन् वाचणाऱ्याला तीन हजार, हे मला काही केल्या पटत नाही. जगभरातल्या संशोधकांनाही पटत नाही, २००१ च्या डिसेंबरात बुडापेस्टला ते एकत्र जमले अन् २००२ मध्ये त्यांनी ओपन अ‍ॅक्सेसचा जाहीरनामाच काढला की लेख सगळ्यांना खुले हवेत.

पण त्या पानावर थांबू नका, पुढे रस्ते आहेत. स्कॉलरवर लेखाच्या खाली ऑल व्हर्जन्स असं लिहिलेलं असतं, ते दाबलं की तोच लेख दुसरीकडे कुठे फुकट ठेवलाय का ते दिसतं. कॉम्प्युटर असेल तर ब्राउझरला अनपेवॉल नावाचं एक्स्टेंशन जोडा, लेखाच्या पानाच्या कडेला कुलपाचं चिन्ह येतं, हिरवं झालं की फुकट प्रत आहे, त्यावर क्लिक केलं की उघडते, अन् ती कायदेशीर असते, चोरीची नाही. अन् तेही नाही झालं तर लेखकाला मेल करा. खरंच करा. लेखाच्या पहिल्या पानावर मेल दिलेला असतो. मी तीन ओळी लिहिल्या, मी जळगाव जिल्ह्यातली, भावाची केळी आहे, आपला लेख वाचायचा आहे, दोन दिवसांत पीडीएफ आली अन् सोबत एक ओळ की अजून काही शंका असेल तर विचारा. एवढा मोठा शास्त्रज्ञ अन् एका घरातल्या बाईला उत्तर देतो, मला तर फार भरून आलं.

लेखात काय होतं? इंग्रजी जड होतं, आमच्या नात्यातला एक मुलगा बीएससी अ‍ॅग्री झालाय, तो अन् मी फोनवर बसून दोन संध्याकाळी वाचलं. मुद्दा असा की हा व्हायरस माव्याच्या किड्याने पसरतो, अन् मावा रोगट झाडावर तोंड लावून काही क्षणांत दुसऱ्या झाडाला देतो, त्यामुळे नुसतं फवारत बसून उपयोग नाही, मावा मरायच्या आधी त्याने रोग दिलेला असतो. अन् हा व्हायरस हजाराहून जास्त प्रकारच्या झाडांवर राहतो, काकडी, भोपळा, टोमॅटो, मिरची, बांधावरचं तणसुद्धा. म्हणजे रोगट झाड दिसताच मुळासकट काढून गाडायचं, बाग अन् बांध तणमुक्त ठेवायचा, केळीत अन् केळीशेजारी काकडीवर्गीय पीक घ्यायचं नाही. भावाने शेजारच्या तुकड्यात काकडीच लावलेली होती! जळगावच्या केळी संशोधन केंद्राचे लोकही हेच सांगतात पण त्याला कारण माहीत नव्हतं म्हणून त्याने ते मनावर घेतलं नव्हतं. कारण कळलं तेव्हा त्याने त्याच आठवड्यात मजूर लावून झाडं उपटली. सगळी बाग वाचली असं नाही म्हणणार, नुकसान झालंच, पण त्याच्यानंतरच्या लावणीला त्याने काकडी घेतली नाही अन् औषधाचा खर्च निम्म्याच्या खाली आला. सल्ला तोच, पण 'असं करा' अन् 'असं का करा' यात फरक आहे, अन् हा 'का' त्या लेखांमध्ये असतो.

बाकीच्या दोन-तीन साईटबद्दल पटकन. जेस्टोर या संशोधन लेखांच्या साईटवर फुकट खातं उघडलं की महिन्याला शंभर लेख ऑनलाईन वाचता येतात, डाऊनलोड नाही, पण इतिहास अन् भाषावाल्यांसाठी सोनं आहे. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटच्या डिजिटल संग्रहात जुने सरकारी अहवाल भरपूर. विज्ञानवाल्यांनी करंट सायन्स हे नियतकालिक बघा, १९३२ पासून निघतंय, अंक खुले आहेत. स्कॉलर तर २००४ पासून आहेच, शोधायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही, फक्त तो चांगलं-वाईट निवडून देत नाही ते आपणच बघायचं.

वन नेशन वन सबस्क्रिप्शन, म्हणजे सरकारनेच पैसे भरून संस्थांना विकतची जर्नल्स उघडून द्यायची योजना, तिच्याबद्दल मला बऱ्याच जणांनी विचारलं, ताई आता तर सगळं फुकट झालं ना. थोडं थांबा. केंद्राने २५ नोव्हेंबर २०२४ ला मंजूर केलं, २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी, ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची जवळजवळ १३,००० जर्नल्स, अन् १ जानेवारी २०२५ पासून सुरूही झालं. ६,३०० च्या वर संस्था, पावणेदोन कोटींच्या वर विद्यार्थी-शिक्षक. ही मोठी गोष्ट आहे, मी खरंच आनंदाने सांगते, कारण तालुक्याच्या सरकारी कॉलेजातल्या पोराला दिल्लीच्या आयआयटीतल्या पोरासारखंच जर्नल उघडता येणं हे आधी स्वप्नातही नव्हतं. तुमचं कॉलेज त्या यादीत असेल तर आजच ग्रंथपालाकडे जाऊन लॉगिन मागा, मागायला कुणी जात नाही हीच मोठी अडचण. पण ते संस्थेमार्फत आहे, केंद्र अन् राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या. माझा भाऊ कुठल्या संस्थेत? मी स्वतः पास होऊन बाहेर पडले, मी कुठल्या संस्थेत? रिटायर ग्रंथपाल काका कुठल्या? आमच्यासारख्यांना तिथे दार नाही. म्हणून माझ्या दृष्टीने शोधगंगेची किंमत अजून तेवढीच आहे, ती कुणाला विचारत नाही तू कोण.

मी घराच्या पुढच्या खोलीत आठ-दहा पोरांसाठी अभ्यासिका चालवते, जुना कॉम्प्युटर अन् एक प्रिंटर आहे. मुलं स्पर्धा परीक्षेची, पण प्रोजेक्ट असला की मी त्यांना शोधगंगेवर बसवते. याचा परिणाम दोन्हीकडून झालेला पाहिलाय. एकाने प्रकरणच्या प्रकरण उचलून स्वतःच्या नावाने दिलं, त्याला मी बसवून सांगितलं की यूजीसीचा २०१८ चा नियम आहे, दहा टक्क्यांच्या वर सारखेपणा निघाला की विचारणा होते, साठच्या वर गेला तर पीएचडीचं रजिस्ट्रेशनच जातं. पण नियमाच्या भीतीपेक्षा मी त्याला म्हटलं, ज्या बाईने उन्हातान्हात फिरून हे गोळा केलं तिचं नाव खाली लिहायला तुला किती शाई लागते? त्याने लिहिलं. आता तो स्वतःहून लिहितो.

दुसरा मुलगा चोपड्याकडचा, सातपुड्याच्या पायथ्याचा, पावरा समाजातला. त्याला मी म्हटलं तुझ्या समाजावर बघ काय मिळतं. दोन दिवस तो एकही शब्द न बोलता वाचत होता. तिसऱ्या दिवशी आला अन् म्हणाला, ताई, यात आमच्या लग्नाचं जे लिहिलंय ते निम्मं चुकलंय, अन् आमच्याकडून सगळं विचारून नेलं तर आम्हाला एकदा दाखवायला काय झालं होतं. रागात होता. मी त्याला उत्तर देऊ शकले नाही कारण त्याचं बरोबर होतं. तीन-चारशे पानांचा प्रबंध होतो, पदवी मिळते, नोकरी लागते, बढती होते, अन् ज्या पाड्यावरून माहिती आणली तिथे दोन पानं पोचत नाहीत. त्या मुलाने मग वहीत दोन रकाने केले, एकीकडे प्रबंधात काय लिहिलंय, दुसरीकडे त्याची आजी काय सांगते. ती वही अजून चालू आहे अन् मला वाटतं पुढे तो यातच काहीतरी करेल.

म्हणूनच माझी एक मागणी आहे, ही रिव्ह्यूत लिहितात का माहीत नाही पण लिहिते. प्रत्येक प्रबंधासोबत चार-पाच पानांचा सोप्या मराठीतला सारांश सक्तीचा करा, इंग्रजीत प्रबंध असला तरी. रसायनशास्त्राचा असला तरी. अन् तो ज्या गावात काम केलं तिथल्या ग्रामपंचायतीत नाहीतर शाळेत पाठवा. आपल्याकडे काही नवीन नाही हे, ज्या अमळनेरात मी राहते तिथून स्वातंत्र्याच्या आधी तत्त्वज्ञान मंदिरातून फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली नावाचं इंग्रजी त्रैमासिक निघायचं, त्यात देशभरातले तत्त्वज्ञ लिहायचे. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ अजून उभं आहे. म्हणजे संशोधन फक्त मोठ्या शहरात होतं असं खान्देशाला तरी कुणी सांगू नये.

एक इशारा विद्यार्थ्यांसाठी. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज येतात, आयएसएसएन नंबरवालं जर्नल, दोन दिवसांत पेपर छापून देतो, एवढे पैसे, सर्टिफिकेटसहित. माझ्या एका मैत्रिणीने भरले, पेपर छापला, आता ती साईटच उघडत नाही. आयएसएसएन म्हणजे नुसता नोंदणी क्रमांक आहे, दर्जाचा शिक्का नाही. यूजीसीची केअर यादी, म्हणजे चांगल्या जर्नल्सची यादी, तीही २०२५ मध्ये बंद झाली, म्हणजे आता जर्नल पारखायची जबाबदारी आपल्यावर अन् गाईडवर. अन् २०२२ च्या नियमानंतर प्रबंध द्यायच्या आधी पेपर छापलाच पाहिजे अशी यूजीसीची सक्ती राहिली नाही, तुमच्या विद्यापीठाचा नियम काय आहे तेवढा विचारून घ्या, घाबरून पैसे भरू नका.

बाकी प्रॅक्टिकल. मोबाईलवर चालतं पण फाईल जड असतात, वायफाय असेल तिथे उतरवून ठेवा. प्रत्येक प्रबंधाच्या पानावर एक कायमची लिंक असते, हँडल म्हणतात, ती वहीत लिहून ठेवा, परत शोधायचा त्रास वाचतो अन् संदर्भ देतानाही तीच द्यायची. प्रिंट सगळ्याची काढू नका, निष्कर्ष अन् हवं ते प्रकरण एवढंच काढा.

सासूबाईंसाठी मी त्या गाण्यांच्या प्रकरणाची मोठ्या अक्षरात प्रिंट काढून दिली होती, बावीस पानं, ती आता देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर असते. मागच्या श्रावणात कानबाईच्या रोटाचे, म्हणजे नैवेद्याचे, गहू निवडायला बायका जमल्या तेव्हा त्यांनी ती सगळ्यांना वाचून दाखवली, अन् सातव्या पानावर थांबल्या. म्हणाल्या इथे दोन ओळी राहिल्यात. शेजारच्या दोघीजणीही म्हणाल्या हो राहिल्यात, अन् तिघींनी मिळून म्हणून दाखवल्या. मी त्या समासात पेनाने लिहून घेतल्या, कुणी म्हटल्या, कुठल्या गावच्या, तारीख, सगळं टाकलं. प्रबंध लिहिणाऱ्या बाईंचं नाव पहिल्या पानावर आहे पण मेल नाही, त्यांच्या गाईडच्या कॉलेजला पत्र टाकलंय, उत्तराची वाट बघतेय.